बुजऱ्या मुलीची भीती कशी हाताळावी
उपजतच बुजऱ्या स्वभावाच्या मुलीला पुढे चिंतेचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते, आणि पालकांनी प्रत्येक अवघड प्रसंगातून तिला बाजूला काढले, तर भीती ओसरण्याऐवजी घट्ट होते. म्हणून ती सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्यातील (यात्रेतील) गर्दीला घाबरत असेल, तर ‘घरीच थांब’ म्हणू नये आणि दरडावून ओढतही नेऊ नये. आधी गर्दी कमी असताना थोडा वेळ जावे, पाळण्यात बसायचे की नाही हे तिलाच ठरवू द्यावे. मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी १९६६ मध्ये वर्णिलेली, माया आणि ठाम नियम यांचा मेळ घालणारी पद्धत याच वळणाची आहे. आपल्याकडे ‘जपून राहा’ हे मुलींनाच अधिक ऐकवले जाते, याचे मला फार वाईट वाटते. झोप किंवा शाळा अनेक आठवडे बिघडल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला घ्यावा.