ईबीच्या बाळाचा आवाज बसला तर

माझ्या लेकीला जंक्शनल ईबी आहे, म्हणजे एपिडर्मोलिसिस बुलोसाचा एक प्रकार. या जन्मजात आजारात जराशा घासण्यानेही कातडीला फोड येतात. अकरा महिन्यांची असताना तिचं रडणं घोगरं झालं. सर्दीने घसा बसलाय, असं दवाखान्यात सांगितलं आणि आम्हीही चार दिवस काढले. पाचव्या रात्री श्वास आत घेताना पिपाणीसारखा आवाज यायला लागला.

कातडीचे थर एकमेकांना धरून ठेवणारं लॅमिनिन-३३२ हे प्रथिन तिच्यात धड बनत नाही. स्वरयंत्राच्या अस्तरालाही तेच लागतं. त्यामुळे घशातही फोड येतात, जखमा भरताना वण राहतात आणि आधीच चिंचोळी असलेली वाट आणखी आवळते. म्हणून ईबीच्या बाळाचा घोगरा आवाज ही सर्दी समजू नका; त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मी दर रविवारी तिचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करते. ‘बदललाय’ म्हटलं की कुणाला पटत नाही, दोन रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकवली की पटतं. झोपेत झबलं वर करून बघा: गळ्याखालचा खड्डा किंवा बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय का? तसं दिसलं, श्वासाला आवाज आला, ओठ निळसर झाले, तर थेट १०८.

गाडी येईपर्यंत बाळाला उभं धरा. काखेत हात घालून उचलू नका, तिथली कातडी सोलते. एक हात कुल्ल्यांखाली, एक मानेमागे. घशात बोट नको, चमचा नको, वाफ नको, घरातलं उरलेलं औषध नको. रडण्याने श्वास आणखी अडतो, म्हणून मी तेव्हा फक्त तिच्या आवडीचं गाणं गुणगुणत राहते.

दवाखान्यात देण्यासाठी एक कागद आधीच डॉक्टरांकडून लिहून, सही करून घ्या. आमच्या कागदावर असं आहे: चिकटपट्टी कुठेही लावू नये. ऑक्सिजनच्या मास्कच्या कडेला व्हॅसलिन गॉझ लावावा. श्वासासाठी घशातून नळी घालावीच लागली तर वयाच्या मापापेक्षा लहान, भरपूर जेली लावून, सगळ्यांत अनुभवी हातानेच घालावी आणि मऊ फितीने बांधावी. सक्शनची (घशातला स्राव ओढून घेण्याची) नळी मऊ असावी, खोल जाऊ नये. खाली ईएनटी आणि भूलतज्ज्ञांचे फोन नंबर.

आता सगळ्यांत अवघड. ट्रॅकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला बाहेरून छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवणं, करायची का, हे मध्यरात्री अतिदक्षता विभागाच्या दाराशी ठरवायला लागू नये. नळीने श्वास मोकळा होतो, पण फितीने मानेवर फोड येतात आणि घरच्यांना रात्रंदिवस ती सांभाळावी लागते. आजार फार तीव्र असेल तर काही आईवडील नको म्हणतात. त्यांचं बाळावरचं प्रेम तसूभरही कमी नसतं. दोघांनी मिळून, दिवसाउजेडी, डॉक्टरांसमोर बसून बोला. आम्ही तीन बैठका घेतल्या. दुसरीत तिचे बाबा काही बोललेच नाहीत, नुसते तिच्या पायाचं बँडेज बघत बसले.

जे ठरेल तेही त्याच कागदावर लिहा. प्रती तीन काढा: एक बॅगेत, एक दारामागे, एक आजीकडे.