जुनाट अंगदुखीला गरम-गार पाणी: सौना, स्टीम आणि कोल्ड प्लंज कोल्हापुरात कसं जमवायचं

सकाळी उठल्यावर पाऊण तास पाठ वाकत नाही, खांदे वर जात नाहीत, जिना उतरताना मांड्या भरून येतात आणि हे महिनोन्महिने चाललंय, अशी माणसं आपल्या कोल्हापुरात गल्लीगल्लीत आहेत. उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेले, शिरोलीत फौंड्रीत राबणारे, दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या बायका, तालमीत अंग झिजवलेले वस्ताद. आणि आता मोबाईलवर बर्फाच्या टबात बसलेली (यालाच कोल्ड प्लंज म्हणतात) पोरं बघून सगळे विचारतात, आम्ही पण करू का? मला स्वतःला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीचा कणा आखडवणारा संधिवात आहे, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत आणि जोडीला हे गरम-गार बरीच वर्षं चालू आहे, त्यामुळं जेवढं खात्रीनं माहिती आहे तेवढं सविस्तर लिहितोय.

आधी दुखणं कुठल्या जातीचं आहे ते बघा

हे टाळून थेट बर्फ आणायला जाऊ नका. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे आणि कंबर-मांड्या अचानक सकाळी आखडायला लागल्या तर ते पॉलिमायल्जिया असू शकतं, ज्याला डॉक्टरांचंच औषध लागतं. दुखण्यापेक्षा ताकद कमी वाटत असेल, खुर्चीतून उठता येत नाही, केस विंचरायला हात वर जात नाही, तर ती स्नायूंचीच सूज म्हणजे मायोसायटिस असू शकते. तरुण वयात कंबर पहाटे जास्त दुखते आणि हालचाल केली की सुटते, हे माझ्यासारखं. आणि अंगभर दुखतं, झोप नीट नाही, पण रक्तात सूज काही दिसत नाही, ते बऱ्याचदा फायब्रोमायल्जिया निघतं. थायरॉइड, व्हिटॅमिन डी, कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी, यांनीही स्नायू दुखतात. त्यामुळं संधिवाताच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, ईएसआर, सीआरपी (या दोन्ही सुजेच्या), सीपीके (स्नायूंची) या रक्ताच्या तपासण्या ते सांगतील तशा करा. सौना, म्हणजे तापवलेल्या खोलीत बसून घेतलेला शेक, यातल्या कुठल्याही आजाराला मुळातून बरं करत नाही. आखडणं सैल करतो, दुखणं काही तास हलकं करतो, झोप बरी लागते, आणि ज्याला रोज दुखतं त्याला एवढं मिळालं तरी लय मोठी गोष्ट असते.

नेदरलँड्समध्ये २००९ साली एक छोटा अभ्यास आला होता, रुमॅटॉइड संधिवाताचे १७ आणि अँकिलोझिंगचे १७ पेशंट, चार आठवड्यांत आठ वेळा इन्फ्रारेड सौना. सेशनच्या वेळी दुखणं आणि आखडणं चांगलं कमी झालं, आजार वाढला नाही, पण पुढं टिकणारा फरक ठामपणे दिसला नाही. माझाही अनुभव असाच आहे. म्हणून कुणी "सूज मुळापासून जाते" म्हणून पॅकेज विकायला लागला तर नमस्कार करून बाहेर पडा.

गरम बाजू

फिनलंडचा खरा सौना म्हणजे लाकडी खोली, ८० ते १०० डिग्री, हवा कोरडी. इन्फ्रारेड सौना ४५ ते ६० डिग्रीचा असतो, त्यात हवेपेक्षा अंगच तापतं. जिममध्ये बहुतेक वेळा मिळतं ते स्टीम, ४०-४५ डिग्रीच पण वाफेनं गच्च भरलेलं. आकडा लहान म्हणून स्टीमला हलकं समजू नका, वाफेत घाम वाळतच नाही त्यामुळं अंग थंड व्हायला वाट राहत नाही आणि दहा मिनिटांत गरगरायला होतं. पंचकर्मवाल्यांकडची स्वेदन पेटी मला आवडते, कारण डोकं बाहेर राहतं. जपानमध्ये वाओन नावाची पद्धत आहे, ६० डिग्रीला १५ मिनिटं आणि मग ब्लँकेट गुंडाळून अर्धा तास पडून राहायचं, ती दुखण्याच्या पेशंटांना देतात. या ब्लँकेटच्या अर्ध्या तासाकडं लक्ष द्या, आपल्याकडं तोच भाग लोक खातात, बाहेर पडलं की लगेच गाडीला किक.

सुरुवात पाच ते आठ मिनिटांनी करा, खालच्या बाकावर बसा, आठवड्यातून दोनदा पुरे. दोन-तीन आठवडे त्रास झाला नाही तर दहा-पंधरा मिनिटांपर्यंत जा. उठताना एकदम उठायचं नाही, मिनिटभर पाय खाली सोडून बसायचं आणि मग भिंतीला धरून उभं राहायचं, कारण गरमीनं रक्तवाहिन्या पसरलेल्या असतात, बीपी खाली आलेलं असतं, आणि बीपीची गोळी चालू असेल तर आणखीच. आत जायच्या आधी एक मोठा ग्लास पाणी, बाहेर आल्यावर मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत. दारू पिऊन अजिबात नाही, आदल्या रात्रीची उतरली नसेल तरी नाही.

घरी सौना नसला म्हणून अडत नाही. ज्यांच्या परसात अजून तांब्याचा बंब आहे त्यांनी तर कशाला पैसे घालवायचे? बंबातलं कढत पाणी बादलीत काढून विसण घालत ३८ ते ४० डिग्रीला आणा, दूध-पाण्याचा साधा थर्मामीटर मिळतो तो वापरा, कोपरानं अंदाज घेऊ नका. जाडसर पंचा त्यात बुडवून पिळायचा आणि मानेपासून खांद्यावर टाकायचा, वरून तांब्यानं सावकाश धार सोडायची, पंचा निवला की परत बुडवायचा. दहा मिनिटांत मान कडेला वळायला लागते, आतली गाठ सुटल्यासारखी. पाय आणि मांड्यांसाठी मोठ्या टबात बसा. फोल्डिंगचा स्टीम टेंट घेतलात तर डोकं बाहेर राहील असाच घ्या आणि स्टीमरची वायर, प्लग ओल्यापासून लांब ठेवा.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर दार-खिडकी बंद करून, गिझर चालू ठेवून वाफ साठवत बसायचं नाही. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा होतो आणि उठत नाही.

अंग गरम असताना ताणायचं, इथं खरा फायदा आहे. बाहेर आल्यावर दहा मिनिटं खांदे फिरवणं, गुडघे छातीशी घेणं, भिंतीला पाठ लावून उभं राहणं, हे केलं तर सकाळी जिथपर्यंत हात जात नव्हता तिथपर्यंत जातो. हे केलं नाही तर तासाभरात गाडी पूर्वपदावर.

गार बाजू

गरम ही भाकरी आहे आणि गार हा खर्डा, नुसत्या भाकरीवर दिवस निघतो, नुसत्या खर्ड्यावर नाही. ज्याला बर्फाचं पाणी सोसत नाही त्यानं ते सोडलं तरी काही बिघडत नाही. फायब्रोमायल्जियावाल्यांना तर गार पाण्यानं दुखणं बऱ्याचदा वाढतंच. पण सोसलं तर गारव्यानं नसांमधून दुखण्याचा निरोप हळू जातो, वरच्या रक्तवाहिन्या आकसतात, नॉरअॅड्रेनालिन हे तरतरी आणणारं रसायन अंगात वाढतं आणि डोकं एकदम टक्क होतं.

पहिले काही आठवडे टब-बिब काही नाही. गरम अंघोळीनंतर साध्या नळाच्या पाण्याचे तांबे आधी पावलांवर, मग गुडघ्यांवर, मग हातांवर, पंधरा-वीस सेकंद. ते अंगवळणी पडलं की मग पिंप.

निळं प्लास्टिकचं पिंप किंवा टब, त्यात दीडशे लिटर पाणी. टाकीचं पाणी उन्हाळ्यात २६ डिग्री धरलं तर ते १५ वर आणायला साधारण १७-१८ किलो बर्फ लागतो, उघड्यावर ठेवलं तर थोडा जास्तच. खायचा बर्फ महाग पडतो, बर्फाच्या फॅक्टरीतली लादी पोत्यात फोडून आणा, पण ते पाणी तोंडात जाऊ देऊ नका. थंडीच्या दिवसात पहाटे टाकीचं पाणी आधी मोजा, निम्म्या बर्फात भागू शकतं. १५ डिग्री भरपूर झालं, ५ डिग्रीची मर्दुमकी दुखणाऱ्या माणसाच्या कामाची नाही.

उडी मारायची नाही. पाय, मग गुडघे, मग कंबर, आणि प्रत्येक टप्प्यावर तोंडानं लांब श्वास सोडायचा. गार पाणी छातीला लागलं की आपोआप धाप लागते, पहिलं अर्धं मिनिट सगळ्यात वाईट, त्यात डोकं पाण्याखाली असेल तर पाणी छातीत जातं, म्हणून डोकं कधीच बुडवायचं नाही आणि घरात कोणी तरी जवळ असल्याशिवाय बसायचं नाही. हात बाहेर काखेत धरून बसा, बोटं सगळ्यात आधी दुखतात. श्वास परत साधा झाला की एक मिनिट, जास्तीत जास्त दोन. कापरं भरायच्या आत बाहेर. मग पुसायचं, कोरडे कपडे, पायमोजे, आणि दहा मिनिटं घरातच चालायचं, कारण बाहेर आल्यावरही आतलं तापमान थोडा वेळ उतरत राहतं. पंचगंगेत किंवा रंकाळ्यात हा प्रयोग नको, गारठ्यानं हातापायातली ताकद गेली की पट्टीचा पोहणारासुद्धा फसतो.

शेवट गारवर करायचा की गरमवर, यावर लोक भांडतात. माझं मत स्पष्ट आहे, ज्याचं अंग सकाळी आखडतं त्यानं शेवट गरमवर करावा. पहिली गरम फेरी, पाच मिनिटं विश्रांती, छोटं गार, अंग कोरडं, चालणं झाल्यावर कोमट पाण्याचे चार तांबे आणि मग ब्लँकेट. रात्रीच्या जेवणाआधी केलं तर झोप मस्त लागते. आणि तालमीतल्या पोरांसाठी एवढंच, जोर-बैठका, वजनं मारून लगेच रोज बर्फात बसलात तर स्नायू भरायचं काम मंदावतं, गार पाणी विश्रांतीच्या दिवशी ठेवा.

कोणी करायचं नाही

नुकताच हार्ट अटॅक आलेला, छातीत दुखत असलेलं, हृदयाची झडप आखडलेली, ताप, गरोदरपण, यात डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही. गार पाण्यात बोटं पांढरी-निळी पडतात किंवा अंगावर गांधी उठतात त्यांनी प्लंज विसरा. शुगरमुळं पायाची संवेदना कमी झालेल्यांना गरम पाण्याचा पाय भाजेपर्यंत पत्ता लागत नाही, तेव्हा थर्मामीटर आणि घरच्या माणसाचा हात, दोन्ही लावून बघा. दुखण्याची पट्टी किंवा जेल लावलेलं असताना गरमीत बसू नका, औषध त्वचेतून जास्त वेगानं आत जातं. रोज पेनकिलर खाणाऱ्यांनी घाम गाळून पाणी कमी पिणं म्हणजे किडनीवर ताण. लघवी चहासारखी गडद झाली आणि स्नायू खूप दुखत असतील तर त्याच दिवशी दवाखाना. सांधा लाल, गरम, टम्म सुजला असेल तर त्यावर शेक नको.

एक साधी वही ठेवा. सकाळी आखडणं किती वेळ राहिलं, रात्री झोप कशी, काल गरम किती मिनिटं, गार किती, दुसऱ्या दिवशी अंग हलकं की जड. दुसऱ्या दिवशी सलग जड वाटत असेल तर वेळ निम्मी करा, तरीही तसंच असेल तर आधी गार बंद करा. सहा आठवड्यांत वहीत काहीच फरक नसेल तर बर्फाचे पैसे फिजिओथेरपीला लावा. आणि फरक दिसला तरी गोळ्या स्वतःहून कमी करू नका, वही घेऊन डॉक्टरांकडं जा, ती वाचून डोसचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या.