सुट्टीत गावी आलेल्या टीएवाल्यांनो, या चुका टाळा

कुडाळकडच्या आमच्या गावात एका जत्रेच्या रात्री, दशावतार सुरू व्हायच्या आधीच, मानावरून जुंपली. त्यात दोघे चुलत भाऊ होते. दोघेही प्रादेशिक सेनेत (टेरिटोरियल आर्मी, नोकरीधंदा सांभाळून गरजेला बोलावली जाणारी सेना), म्हणजे आपल्या बोलण्यात टीएत, आणि दोघांच्याही पोटात सारखीच गेलेली. पोलीस आले तेव्हा धाकटा छाती काढून म्हणाला, "मी रजेर आसय, माका कोण काय करतलो?" थोरला मान खाली घालून उभा.

गुन्हा दोघांवर एकच नोंदला गेला. थोरला त्या वर्षी डिसएम्बॉडी (म्हणजे सेवेतून घरी सोडलेला) होता, एमआयडीसीत कामाला जात होता. त्याच्यावरची कारवाई पोलीस आणि कोर्टापुरती राहिली. धाकटा एम्बॉडी (म्हणजे प्रत्यक्ष सेवेवर बोलावलेल्या) पलटणीतून वीस दिवसांच्या रजेवर आलेला. तो युनिटला परतला तेव्हा सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांसमोर मार्चअप झाला, म्हणजे सुनावणीला उभा केला गेला, आणि वर्तणुकीच्या शीटवर लाल शाईची, म्हणजे शिक्षेची एंट्री पडली. मी स्वतः टीएत होतो, म्हणून गावातली पोरं असले प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. त्यातल्या निम्म्यांचा घोळ आपण एम्बॉडी आहोत की नाही, या एकाच गोष्टीत असतो.

रजा म्हणजे सुटका, असं धरून चालणं

प्रादेशिक सेना कायदा 1948 चा. त्याच्या कलम 9 प्रमाणे भरती झालेला जवान कॉल आउट झाला असेल (मदतीला बोलावला गेला असेल), एम्बॉडी असेल किंवा नियमित सेनेला जोडलेला असेल, तर त्याला आर्मी ॲक्ट 1950 लागू होतो. त्यात ड्यूटीचा तास विचारलेला नाही, अंगावर वर्दी होती की बर्म्युडा हेही नाही. एम्बॉडी माणूस रजेवर गावी आला तरी एम्बॉडीच असतो. (अफसरांची कसोटी वेगळी आहे: अफसर म्हणून ड्यूटी करत असताना.) म्हणून भांडण झालं की "मी ड्यूटीवर नव्हतो" हे सांगत बसू नका. त्या तारखेला पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानांच्या नोंदींचा युनिटचा कागद) तुमची नोंद काय होती, ते आधी पाहा. एम्बॉडी आणि डिसएम्बॉडी झाल्याच्या कागदांची झेरॉक्स घरच्या पेटीत असू द्या. आमच्याकडे सातबारा जपतात, हे कागद मात्र फणसाच्या गऱ्यांखाली सापडतात.

पेन्शनसारख्या काही बाबतीत रजा ही ड्यूटीच धरली जाते, याचा फायदाही मिळतो बरं का. रजा संपवून युनिटकडे परतताना रेल्वे अपघातात पाय गमावलेल्या टीएच्या एका जवानाला सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये अपंगत्व पेन्शन मिळवून दिली.

"घरीच प्यालो ना?"

आर्मी ॲक्टचं कलम 48 नशेबद्दल आहे आणि त्यात ड्यूटीवर असो वा नसो, असं स्पष्ट म्हटलंय. जवानाला दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ड्यूटीवर नसताना किंवा ॲक्टिव्ह सर्व्हिसवर (लढाईसारख्या मोहिमेवर) नसताना घडलं असेल तर सहा महिन्यांच्या वर नाही. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणं सीओच्या अधिकारात, कलम 80 खाली मिटतात: 28 दिवसांपर्यंत कैद किंवा लाइनबंदी (युनिटच्या आवाराबाहेर जायला मनाई), नाहीतर 14 दिवसांपर्यंतचा पगार दंड. गोंधळ घातला, पण नेमकं कलम बसत नसलं, तर शिस्तभंगाचं कलम 63 असतंच. ते फार रुंद आहे.

इन्सुलीच्या नाक्यावर कार्ड दाखवणं

गोव्याहून येताना डिकीत दारूच्या चार बाटल्या, आणि गोव्याच्या हद्दीजवळच्या इन्सुली तपासणी नाक्यावर खिशातून ओळखपत्र. ही आपल्याकडची खास चूक. महाराष्ट्र दारूबंदी कायद्याला (1949) तुमचं कार्ड माहीत नाही. गाडी जप्त होऊ शकते, आणि कार्ड दाखवल्याने फक्त युनिटचं नाव नोंदीत जातं. एरवी जे प्रकरण नुसतं एक्साइजचं (दारूबंदी खात्याचं) राहिलं असतं, ते तुम्ही स्वतः पलटणीपर्यंत नेऊन सोडता.

युनिटपासून केस लपवणं

अटक झाली तर फोनवर कळवा आणि लगेच लेखीही पाठवा. पुढे खटला फौजदारी न्यायालयात चालायचा की कोर्ट मार्शलमध्ये (लष्करी न्यायालयात), ही निवड कलम 125 खाली लष्करी अधिकाऱ्याकडे असते. लपवलेली केस समोर आली की दोन गुन्हे दिसतात. बाहेरच्या माणसाचा खून किंवा बलात्कार असेल तर, ॲक्टिव्ह सर्व्हिससारखे अपवाद सोडले तर, कोर्ट मार्शलला तो चालवताच येत नाही, सरळ सेशन्स कोर्ट. आणि एम्बॉडी असताना केलेला गुन्हा डिसएम्बॉडी झाल्यावर धुऊन जात नाही. त्यासाठी नंतरही ताब्यात घेता येतं.

डिसएम्बॉडी असलेल्यांनीही फार खूश होऊ नये. जत्रेतल्या त्या थोरल्याला कोर्टाच्या तारखा पडल्या, आणि शिवाय युनिटने विचारणा केली ती वेगळीच.

घाट बंद होता, म्हणून उशीर

उशीर खरा असतो, पुरावा नसतो. पावसात दरड कोसळते, कोकण रेल्वे थांबते. जुलै 2021 ला चिपळूण पाण्यात होतं तेव्हा कोण कुठे जाणार? कलम 39 मध्ये "पुरेशा कारणाशिवाय" रजेपेक्षा जास्त राहणं हा गुन्हा आहे, म्हणजे कारण दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येऊन पडते. स्टेशन मास्तरची चिठ्ठी, रद्द झालेलं तिकीट, आजारपण असेल तर सरकारी दवाखान्याचा कागद, सगळं जवळ ठेवा. रजा संपायच्या आधी मुदतवाढ मागा. मागितली म्हणजे मिळाली असं नाही, मंजुरीचा मेसेज हातात हवा. 30 दिवस गैरहजर राहिलात तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी (लष्करी चौकशी) बसते, मग चिठ्ठीने भागत नाही.

होमगार्डमधली पोरंही हे प्रश्न विचारतात. त्यांचा कायदा 1947 चा, वेगळा. आर्मी ॲक्ट त्यांना लागत नाही.

आणि ग्रामपंचायतीचा प्रचार. "धोनी टीएत आहे, सचिन पायलट टीएत आहे, मग मी का नको?" असं एकाने मला विचारलं. मी म्हटलं, बाबा, तू आज एम्बॉडी आहेस का, तेवढं सांग. होता. एम्बॉडी असताना प्रचार नको, म्हणून त्याच्या हातातलं पॅम्प्लेटचं बंडल मी काढून घेतलं आणि त्याच्या आईकडे दिलं.