जूनोच्या कच्च्या फोटोंतून गुरूचे चित्र कसे तयार करावे

पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे आभाळ असे भरून येते की दुर्बीण बाहेर काढायची सोय नाही. बेळगाव, निपाणी, चिकोडीच्या ज्या मुलांना ग्रहताऱ्यांचे वेड आहे, त्यांनी हे महिने लॅपटॉपवर कारणी लावावेत. नासाचे जूनो यान जुलै २०१६ मध्ये गुरूच्या कक्षेत शिरले. त्यावरचा जूनोकॅम हा कॅमेरा मुळात सामान्य लोकांसाठी बसवलेला आहे. त्याचे कच्चे फोटो मोहिमेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात आणि त्यांना रूप देण्याचे काम जगभरचे हौशी लोक करतात. त्यात आपलीही मुले दिसावीत, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

आधी संगणकावर गिम्प हे चित्रे कापण्या-जोडण्याचे मोफत सॉफ्टवेअर घाला. मग संकेतस्थळावर जूनोकॅमच्या विभागात जाऊन फोटो निवडा. फाइलच्या लांबलचक नावाला घाबरू नका. त्यात २०१७१३९ असेल तर ते २०१७ सालचा १३९वा दिवस, म्हणजे १९ मे. पुढचा ०६ हा प्रदक्षिणेचा क्रमांक.

कच्ची फाइल उघडली की काळ्या-करड्या पट्ट्यांची उंच चळत दिसते. फाइल बिघडलेली नाही. यान मिनिटाला सुमारे दोन गिरक्या घेते आणि कॅमेरा त्या फिरण्याबरोबरच पट्टी-पट्टीने चित्र टिपतो. रंगीत फोटोतली प्रत्येक पट्टी १६४८ पिक्सेल रुंद, १२८ पिक्सेल उंच. दिसायला सगळ्या करड्याच, पण त्या क्रमाने निळ्या, हिरव्या, लाल प्रकाशात टिपलेल्या असतात, मग पुन्हा निळी. एकच ढग थोडा सरकून तिन्हींत येतो.

पहिल्यांदा गुरू घेऊच नका, त्याचा चंद्र गॅनिमीड घ्या. ७ जून २०२१ रोजी यान या चंद्रापासून अवघ्या १,०३८ किलोमीटरवरून गेले. त्या फोटोतल्या फक्त हिरव्या पट्ट्या कापा आणि एकाखाली एक लावा. लागोपाठच्या दोन पट्ट्यांत थोडा भाग सारखा असतो. एखादे ठळक विवर धरून तो भाग एकमेकांवर बसवा. चित्र कृष्णधवल होईल, पण हात बसेल.

मग गुरू. तिन्ही रंगांच्या पट्ट्यांच्या तीन वेगळ्या चळती करा आणि एकाच आकाराच्या तीन थरांत (लेयर) ठेवा. दक्षिण गोलार्धातले एखादे पांढरे गोल वादळ निवडून ते तिन्ही थरांत नेमके एका जागी येईपर्यंत थर वर-खाली सरकवा. मगच ‘कलर्स’ मेनूतल्या ‘कंपोज’ने रंग एकत्र करा. लग्नपत्रिका छापताना रंग सरकला की अक्षरांना जशी लाल-निळी कड येते, तशी कड वादळाभोवती दिसली तर पुन्हा सरकवा. घाई इथेच नडते. सगळा ग्रह एकदम जुळणार नाही, कारण फोटो निघत असताना यान प्रचंड वेगाने पुढे जात असते आणि बघण्याचा कोन बदलतो. ते गणित सोडवणारी सॉफ्टवेअर आहेत, पण सुरुवातीला मधला लहान तुकडाच नीट जुळवा. आणि दर थोड्या वेळाने फाइल सेव्ह करा. आपल्याकडे पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

नोव्हेंबर २०२३ च्या सुमाराचे फोटो नवख्याने टाळावेत. गुरूभोवतीच्या किरणोत्साराने तेव्हा कॅमेरा इतका बिघडला होता की चित्रांत रेघा आणि ठिपकेच फार. डिसेंबरमध्ये कॅमेरा मुद्दाम तापवला, तेव्हा तो सुधारला आणि ३० डिसेंबरला आयो या चंद्राचे सुंदर फोटो आले.

रंग किती चढवायचे? डोळ्यांना गुरू फिकट, सायीच्या आणि बदामी रंगाचा दिसेल. ढगांचे भोवरे उठून दिसावेत म्हणून रंग गडद करायला हरकत नाही, मात्र तसे लिहिलेच पाहिजे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात चित्र लावणार असाल तर खाली मराठी आणि कन्नड दोन्हींत तारीख, ‘रंग वाढवलेले आहेत’ ही सूचना, मूळ फोटोचे श्रेय म्हणून ‘नासा, जेपीएल-कॅलटेक, एसडब्ल्यूआरआय, एमएसएसएस’ आणि त्यापुढे, चित्र तयार करणाऱ्या मुलाचे किंवा मुलीचे नाव घाला.