सातेरीला कांद्याच्या फुलाचा वास शिकवायचा तर

लोणंद-फलटण पट्ट्यात कांद्याचं बी धरणाऱ्यांना एक अडचण हमखास येते: सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या, पेट्या प्लॉटच्या बांधावर, माश्या मात्र शेजारच्या शेवग्यावर. यात माशीचा दोष नाही. कांद्याच्या मधुरसात पोटॅशियम जास्त असतं, ते तिला रुचत नाही. शिवाय एकाच फुलात पराग आधी झडतात, स्त्रीकेसर मागून तयार होतो. माशी फुलाफुलांवर फिरली नाही तर गोंडा (कांद्याच्या फुलांचा गुच्छ) बियांनी भरत नाही.

माशी वास घेते ती डोक्यावरच्या मिशांनी. वास आला आणि लगेच गोड मिळालं, असं दोन-तीनदा झालं की तो वास तिच्या लक्षात बसतो. पेटीत माश्या एकमेकींना रस भरवतात, तेव्हा तो बाकीच्यांनाही कळतो. साखरेच्या पाकातून नेमकं हेच साधायचं.

साधारण १० टक्के फुलं उमलली की संध्याकाळी पेट्या आणा. त्याआधी आणल्या तर शेवगाच पाठ होतो. १ लिटर पाणी उकळून १ किलो साखर विरघळवा आणि पाक पूर्ण गार होऊ द्या. गरम पाकात फुलं टाकली की वास वाफेबरोबर निघून जातो; बहुतेकांचं इथंच फसतं. फवारा न बसलेल्या गोंड्यांची ताजी फुलं खुडा आणि देठ काढून टाका, कारण हिरव्या भागाचा वास फुलाच्या वासावर चढतो. पाकाच्या पाव हिस्सा फुलं स्टीलच्या भांड्यात रात्रभर झाकून ठेवा.

पहाटे, माश्या बाहेर पडायच्या आत, गाळलेला पाक पेटीमागे १०० मिली आतल्या वाटीत द्या. वाटीत काड्या टाका, नाहीतर माश्या बुडतात. बाहेर थेंबही सांडू नका; दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात. पाक रोज ताजा करा, आंबलेला फेका. मधाची कोठी (पेटीचा मध साठवायचा वरचा कप्पा) आधीच उतरवा, म्हणजे साखर मधात जाणार नाही.

चार-पाच दिवसांनी सकाळी दहाच्या सुमारास गोंडे बघा. तरीही माश्या नसतील तर फुलकिड्यांसाठी दिवसा फवारणी झाली का ते तपासा. फुलोऱ्यात फवारणी टाळणंच बरं, अगदी अटळ असेल तर माश्या परतल्यावर संध्याकाळी. आणि पेटीजवळ केळं खाऊ नका: डंखाबरोबर माशी जो धोक्याचा वास सोडते, तो केळ्यासारखाच असतो.