शाश्वत विकासाचे सहावे ध्येय गावच्या आराखड्यात कसे उतरवावे

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सप्टेंबर २०१५ मध्ये स्वीकारलेली १७ शाश्वत विकास ध्येये २०३० पर्यंत गाठायची आहेत. ग्रामपंचायतींना ती हाताळता यावीत म्हणून केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने त्यांची नऊ संकल्पनांमध्ये मांडणी केली असून, पाण्याविषयीचे सहावे ध्येय त्यांतील ‘जलसमृद्ध गाव’ या संकल्पनेत येते. ही संकल्पना निवडल्यावर पुष्कळ गावे थेट बंधारे आणि टाक्यांची यादी करू लागतात. माझ्या मते सुरुवात पाण्याच्या ताळेबंदापासूनच झाली पाहिजे.

त्यासाठी गावात पर्जन्यमापक बसवावा आणि रोजच्या पावसाची नोंद ठेवण्याचे काम शाळेकडे किंवा एखाद्या जबाबदार व्यक्तीकडे सोपवावे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी मिळते. म्हणजे ५०० हेक्टरच्या शिवारात वर्षभरात ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर २५० कोटी लिटर पाणी पडले. आकडा मोठा दिसला तरी त्यातील बरेचसे वाहून जाते, काही वाफ होऊन उडते आणि दख्खनच्या काळ्या पाषाणात मुरते ते थोडेच. म्हणून पावसाळा संपताच ठरावीक विहिरींची पाणीपातळी मोजून तीही लिहून ठेवावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयाचा सल्ला येथे अवश्य घ्यावा.

आता खर्चाची बाजू. जल जीवन मिशनच्या माणशी दररोज ५५ लिटर या निकषाने १,५०० लोकवस्तीला वर्षाला सुमारे तीन कोटी लिटर पाणी लागते. जनावरांची गरज त्यात मिळवावी. याउलट, एका हेक्टरवरील पिकाला पाच सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यायची तर पाच लाख लिटर लागतात, आणि १०० हेक्टरला अशा दहा पाळ्या दिल्या की ५० कोटी लिटर संपतात. उन्हाळ्यात टँकर येणार की नाही, हे बहुतेक ठिकाणी पिकांच्या निवडीवर ठरते, ते यामुळेच.

हा हिशेब रब्बीच्या पेरणीपूर्वी ग्रामसभेत मोठ्या अक्षरांत फळ्यावर मांडावा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हीच पद्धत रुजवली: पाऊस मोजायचा, पिण्याचे पाणी आधी राखून ठेवायचे आणि उरलेल्या पाण्यावर पिके ठरवायची. तेथे सिंचनासाठी कूपनलिका घेण्यावर गावानेच बंदी घातली. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद आहे. ती केवळ सह्यांपुरती उरकू नये, कारण कोणत्या वस्तीला कोणत्या महिन्यापासून पाणी कमी पडते, हे पाणी भरणाऱ्या बाईइतके नेमके कोणीच सांगू शकत नाही.

ठराव झाल्यावरच ग्रामपंचायत विकास आराखड्यात कामे लिहावीत आणि प्रत्येक कामापुढे मोजता येईल असे उद्दिष्ट नोंदवावे, उदाहरणार्थ, ‘मार्चअखेर गावठाणातील विहिरीत किमान तीन मीटर पाणी’. मग मार्चअखेर त्याच विहिरीत त्याच टेपने पाणी मोजून तो आकडा एप्रिलमधील ग्रामसभेसमोर ठेवावा.