नोकरीची ऑफर हातात आली की आधी रकाने आखा

पहिली किंवा दुसरी नोकरी निवडताना मुलं माझ्याकडे सल्ला मागायला येतात, तेव्हा मी त्यांना कागदावर रकाने आखायला लावतो. ही पद्धत सीआयएमध्ये अनेक वर्षं काम केलेल्या रिचर्ड्स ह्यूअर यांची. वरच्या ओळीत सगळ्या शक्यता लिहायच्या, डावीकडे हाती आलेली माहिती. मग एकेका माहितीपुढे एकच प्रश्न: यातली कोणती शक्यता हिच्यामुळे बाद होते? आवडलेल्या शक्यतेच्या बाजूने पुरावे जमवत बसायचं नाही. सगळ्यात कमी खोडली गेलेली शक्यता पुढे धरायची.

हे का महत्त्वाचं, ते १९७३ च्या उदाहरणावरून मला नीट कळलं. लांब पल्ल्याची विमानं मिळेपर्यंत इजिप्त युद्ध करणार नाही, अशी इस्रायलच्या लष्करी गुप्तचर खात्याची पक्की धारणा होती. सुएझ कालव्याकाठी सैन्य जमलं, तो सराव मानला गेला. सैन्याची हालचाल सरावातही होते आणि हल्ल्याआधीही, म्हणजे तिच्यावरून काहीच ठरत नव्हतं. पण ऑक्टोबरच्या सुरुवातीला सोव्हिएत सल्लागारांची कुटुंबं इजिप्त आणि सीरियातून घाईने बाहेर काढली गेली. सरावासाठी कोणी बायकामुलांना हलवत नाही. रकान्यात सगळ्यात जड ठरायला हवी होती ती हीच ओळ. ६ ऑक्टोबरला युद्ध सुरू झालं.

आता ऑफरकडे या. शक्यता तीन धरा: कंपनी भक्कम आहे, कंपनी पैशाच्या ओढाताणीत आहे, कंपनी ठीक पण तुमची टीम वाईट. चकाचक ऑफिस, गोड बोलणारा एचआर, घसघशीत पगाराचा आकडा हे तिन्ही रकान्यांत बसतं, म्हणून खोडा. मुलांना हे खोडणं जिवावर येतं, कारण ऑफर आवडलेली असते ती नेमकी याच गोष्टींमुळे.

उरतं ते शोधून काढावं लागतं. पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव शोधलं की कोणत्या महिन्याची रक्कम कधी जमा झाली ते दिसतं. ओढाताणीतल्या कंपनीचा भरणा बहुधा इथे रेंगाळलेला सापडतो. तिसऱ्या शक्यतेसाठी त्याच टीममधून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना फोन करा आणि त्यांच्या जागी किती वेळा नवा माणूस घेतला ते विचारा. मला स्वतःला हे फोन सगळ्यात मोलाचे वाटतात.

कोणी ‘बहुतेक चांगली आहे’ म्हणालं तर टक्के विचारा. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असा अहवाल अमेरिकेत लिहिला गेला. नंतर तो अहवाल तयार करणाऱ्या गटातले सीआयएचे विश्लेषक शर्मन केंट यांनी सहकाऱ्यांना विचारलं, तर त्याच दोन शब्दांमागे कोणाच्या मनात २० टक्के होते, कोणाच्या ८०.

कागदाच्या तळाशी तारीख घालून एक ओळ लिहून ठेवा: रुजू झाल्यावर काय दिसलं तर मी मत बदलेन. उदाहरणार्थ, सलग दोन महिने पगार उशिरा आला, किंवा सांगितलेलं काम सहा महिन्यांतही हातात आलं नाही. हे सही करण्याआधी लिहायचं. एकदा रुळलात की त्याच गोष्टींना कारणं सापडायला लागतात.